न खाण्याची चार कारणं

दिशा लहानपणापासूनच तंद्रीत राहणारी. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यात पालकाच्या जुड्या बांधायला बसवली की दहा जुड्या नीट बांधायची आणि अकराव्या जुडीतलं एक पान उन्हाकडे धरून बघत बसायची. पानातल्या शिरा, शिरांतून झिरपणारा उजेड, आणि त्या उजेडात हिला काय दिसायचं ते हिचं हिलाच ठाऊक. तिचे वडील दिनेश म्हणायचे, हिला बाजारात बसवली तर गिऱ्हाईक भाजी घेऊन निघून जाईल आणि ही त्याच्या पिशवीचा रंग बघत राहील.

पण अशा पोरींनाही कॉलेजं मिळतात. गृहविज्ञानाच्या एम.एस्सी.ला तिने जो विषय घेतला त्याचं नावच इतकं लांब होतं की सांगताना मध्ये श्वास घ्यावा लागे: मानवी पोषण, त्यासोबत शिक्षण आणि माध्यम तंत्रज्ञान. लोकांनी काय खावं ते शोधायचं आणि त्यांना पटेल अशा रीतीने दाखवायचं, असं ती नातेवाइकांना समजावायची. यावर मावशीने, म्हणजे पोरगी टीव्हीवर रेसिपी दाखवणार, असा निकाल लावून टाकला. दिशाने तो खोडला नाही, कारण तेवढ्यात तिला मावशीच्या कुंडीतली तुळस दिसली होती.

एक गोष्ट मात्र तिला मनापासून हवी होती. आपण काहीतरी दाखवावं आणि ते बघून एखाद्या घरातल्या ताटात बदल व्हावा. तिच्या स्वप्नात हे घर नेहमी एकच असायचं, अर्धवट अंधाराचं, आणि त्या अंधारात एक ताट हळूहळू हिरवं होत जायचं. हे स्वप्न तिने तिच्या मार्गदर्शक संध्या मॅडमना सांगितलं नाही. मॅडमना तिने प्रबंधाचा आराखडा दिला, आणि त्यात स्वप्नाला "माध्यमाचा आहारावरील परिणाम" असं नाव पडलं.

फिल्म अकरा मिनिटांची झाली. नाव "हिरवं ताट". चित्रीकरण घरच्याच मळ्यात केलं, कारण भाडं नाही आणि नट फुकट. पहाटेचं धुकं, तुषार सिंचनाचं पाणी, पालकाचे लांबच लांब वाफे, कंबरेत वाकून जुड्या कापणारे दिनेश, मग चुलीवरची भाजी, आणि शेवटी दिशाचा आवाज, की पालेभाजीत लोह असतं, ती रोज खावी, बाळंतिणीने तर चुकवू नये. संध्या मॅडम कडक बाई. पण फिल्म संपल्यावर त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

त्र्यंबकेश्वराच्या पुढे, पेठच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत दोन पाडे निवडले. हिरडपाड्यात फिल्म दाखवायची, उंबरदऱ्यात दाखवायची नाही. दोन्हीकडच्या तीस-तीस बायांना आधी विचारायचं, महिन्याने पुन्हा विचारायचं, आणि दोन पाड्यांत किती फरक पडतो ते बघायचं. आषाढाच्या तोंडावर दिशा पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा डोंगर ढगात होते. एसटीतून उतरून पायवाटेला लागली की मागचा रस्ता नाहीसा व्हायचा, पुढची दहा पावलं दिसायची, आणि चालता चालता आपण कुठेतरी जातोय की आपल्याकडेच कुठलंतरी गाव चालत येतंय, हे तिला कळेनासं व्हायचं. वाटेच्या दोन्ही कडांना गुडघाभर हिरवळ होती. त्यात तेऱ्याची पानं होती, टाकळा होता, कुर्डू होता. रानभाज्यांचा नुसता पूर आलेला.

आणि फॉर्म भरला तर उत्तर काय, तर भाजी खाल्ली नाही. मागच्या आठवड्यात किती दिवस पालेभाजी खाल्ली? एकही दिवस नाही. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, सुकट. तिसांपैकी सव्वीस बायांनी शून्य सांगितलं. ज्या चौघींनी एक दिवस सांगितला, त्यांनी त्र्यंबकच्या बाजारातून आणलेली मेथी खाल्ली होती. पायाखाली भाजी तुडवत यायचं आणि बाजारातून मेथी न्यायची, हे बघून दिशाला वाईटही वाटलं आणि, खरं सांगायचं तर, आतून थोडा आनंदही झाला. तिच्या फिल्मला काम मिळालं होतं.

फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, न खाण्याचं कारण. चार चौकोन होते: आवडत नाही, मिळत नाही, परवडत नाही, माहिती नाही. बाया हसायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि गप्प राहायच्या. आवडत नाही का? आवडती की. मिळत नाही? त्या दाराबाहेर बोट दाखवायच्या. आता फुकटच्या भाजीला परवडत नाही कसं म्हणणार? मग उरलं काय? दिशाने चौथ्या चौकोनात खूण केली. सव्वीस फॉर्म, सव्वीस वेळा, माहिती नाही. उंबरदऱ्यातही तेच.

खेळ ठमाबाईच्या घरात लावला. ठमाबाई पाड्यातली वडीलधारी, साठीच्या पुढची, हाडापेराने काटक, आणि बोलायला सावकाश. तिचं घर मोठं होतं आणि दार लावलं की भर दुपारी आत काळोख व्हायचा. कुडाच्या भिंतीवर चादर टांगली, बॅटरीवरचा छोटा प्रोजेक्टर उखळावर ठेवला. चुलीचा धूर अजून घरात रेंगाळत होता, त्यातून उजेडाची पट्टी गेली आणि चादरीवर मखमलाबादचा मळा उगवला. हिरवा उजेड बायांच्या चेहऱ्यांवर पडला, कपाळावरच्या गोंदणावर पडला, मांडीवर झोपलेल्या लेकरांच्या उघड्या तोंडांवर पडला. दिशा भिंतीला टेकून बघत होती आणि तिला वाटत होतं, हेच ते घर, हाच तो अंधार, आपण याच्या आधी इथे कितीदातरी येऊन गेलोय.

वाफे दिसले तेव्हा बायांनी सुस्कारे सोडले. दिनेश कापायला वाकले तेव्हा दोघी-तिघींनी मान हलवली आणि ठमाबाईने पदर तोंडाला लावला. संपल्यावर सगळ्यांनी पुन्हा लाव म्हणून सांगितलं. दिशाने तीनदा लावली.

महिन्याने, श्रावणात, ती हिरडपाड्यात दुसऱ्यांदा फॉर्म घेऊन गेली. किती दिवस पालेभाजी? पाच दिवस. सहा दिवस. रोज. पहिली आठ घरं होईपर्यंत दिशाने स्वतःला आवरलं, नवव्या घरी तिने आकडा दोनदा विचारून घेतला. सगळ्यांची सरासरी काढली तर जिथे शून्याच्या आसपास होतं तिथे पाच दिवसांच्या वर गेलं होतं. पी हळद आणि हो गोरी अशी आपली म्हण आहे, पण ती थट्टेने म्हणायची असते. इथे तर हळद प्यायली होती आणि पाडाच्या पाडा गोरा झाला होता.

कॉलेजात आकडे पसरवले तेव्हा संध्या मॅडमनी चष्मा काढून पुसला. बाईंचं कौतुक तेवढंच असायचं. परिषदेत निबंध वाचू म्हणाल्या. शहरातल्या एका संस्थेला अंगणवाड्यांसाठी अशाच दहा फिल्म करायच्या होत्या. त्यांनी आकडे ऐकले आणि प्रबंध जमा झाला की कामाला ये म्हणून सांगितलं. उंबरदऱ्याचे दुसऱ्या वेळचे फॉर्म तेवढे राहिले होते, कारण मधला ओहोळ भरून वाहत होता. मॅडम म्हणाल्या, वेळ कमी आहे, तो पाडा आराखड्यातून काढून टाकू, एकाच पाड्याचं आधी आणि नंतर दाखवलं तरी चालतं. दिशाने लगेच होकार दिला. त्या दिवसांत ती रस्त्याने चालत नव्हती, जमिनीच्या वितभर वरून जात होती.

पुढच्याच आठवड्यात पेढे घेऊन ती ठमाबाईकडे गेली. ठमाबाईने तिला टाकळ्याची भाजी आणि नागलीची भाकर वाढली. दिशाने तोंडभर घास घेऊन सांगितलं, की तुम्ही सगळ्या भाजी खायला लागलात, माझी फिल्म बघून, आणि त्यामुळे माझं सगळं चांगलं झालं. ठमाबाईने तिच्या ताटात अजून थोडी भाजी वाढली. मग तिने अगदी साधेपणाने, लेकराच्या तोंडाला लागलेलं पुसावं तसं, सांगितलं.

"पोरी, तू पयल्यांदा आलीस तवा नवं झालं नव्हतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रानातली नवी भाजी उगवली म्हणून लगेच तोडायची नसते. ती आधी हिरव्या देवाची. पाडा एक दिवस ठरवतो, म्हातारी बाई पहिली भाजी शिजवून पानावर ठेवते, डोंगराचं, ओहोळाचं, एकेका शेताचं नाव घेते, आणि मग सगळे खातात. त्याला नवं म्हणायचं. त्याआधी भाजीला हात लावला तर ती अंगाला लागत नाही, रानाचंही बरं होत नाही. यंदा दिशा फॉर्म भरून गेली, फिल्म दाखवून गेली, आणि आठ दिवसांनी नवं झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि कावळा मात्र फांदी आपणच मोडली म्हणून पेढे वाटत होता.

दिशाने विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाही? ठमाबाईला प्रश्नच विचित्र वाटला. तू विचारलंस खाल्ली का, आम्ही नाय म्हटलं. नवं झाल्याशिवाय खात नाहीत हे काय कोणाला सांगायचं असतं? तुमच्याकडे खातात का?

तिच्याकडे खात होते. तिच्याकडे बारा महिने पालक, बारा महिने मेथी, कापली की दहा दिवसांत दुसरा वाफा तयार. भाजी न खाण्याचाही एक काळ असतो हे भाजीवाल्याच्या पोरीला कुठून सुचणार? एखाद्या रेल्वेवाल्याच्या किंवा मास्तराच्या पोरीने कदाचित विचारलंही असतं. हिने भाजी पाहिली आणि सगळं कळलंय असं धरलं.

ती त्या दिवशी परत गेली नाही. ओहोळ उतरला होता. ठमाबाईच्या घरी राहिली आणि सकाळी पिशवीत तसंच पडून राहिलेलं कोऱ्या फॉर्मांचं बाड घेऊन उंबरदऱ्याकडे निघाली. तिला कोणी पाठवलं नव्हतं. तो पाडा आराखड्यातून गेला होता, तिथे काय निघेल ते जगात कोणी विचारणार नव्हतं, आणि हे तिला वाटभर पक्कं ठाऊक होतं. ढग इतके खाली होते की हाताची बोटं ओली व्हायची. मध्येच एकदा वाटलं, परत फिरावं. एकदा वाटलं, वाट चुकावी म्हणजे बरं. पण वाट कशी चुकणार, दोन्ही बाजूंनी बाया टाकळा खुडत होत्या आणि विचारायच्या आधीच हात करून दाखवत होत्या.

उंबरदऱ्यात गोजराबाई म्हणून एक हसरी बाई होती, तिच्या ओट्यावर बसून दिशाने फॉर्म भरायला घेतले. किती दिवस पालेभाजी? पाच. रोज. सहा. फिल्म या पाड्यात कोणी पाहिली नव्हती; तिचं नावही कोणाला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत तीस फॉर्म झाले. गोजराबाईने विचारलं, बाय, तुला बरं नाय का? दिशा म्हणाली, बरं आहे. मग पाड्याबाहेरच्या एका खडकावर जाऊन ती पोटभर रडली. तिला नापास होण्याचं वाईट वाटत नव्हतं. तिचं ते अंधारातलं ताट विझलं होतं, त्याचं वाईट वाटत होतं.

संध्या मॅडमनी साठही फॉर्म स्वतः पाहिले. हे कोणी विचारणार नव्हतं, असं त्या शेवटी म्हणाल्या. दिशा म्हणाली, हो. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि उंबरदऱ्याचं प्रकरण आराखड्यात परत घालायला सांगितलं. परिषदेचा निबंध मागे घेतला. संस्थेला खरं कळवलं, तर त्यांनी पुढे बघू म्हणून सांगितलं, आणि पुढे बघू म्हणजे काय ते आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळतं. प्रबंधात निष्कर्ष छापला गेला: फिल्मचा आहारावर परिणाम आढळला नाही. त्याखाली नव्यावर सात पानं होती, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकी तीच सात पानं उलटून उलटून विचारली. दिशा पास झाली. मार्क बरे पडले, डोक्यावर घेऊन नाचावं असे नाहीत.

थंडी पडल्यावर, नागली खळ्यावर आली तेव्हा, ती पुन्हा हिरडपाड्यात गेली. आता फॉर्म नव्हता. झाडल्या खळ्यात ऊन पसरलं होतं आणि ठमाबाई सूप घेऊन नागली पाखडत होती. कोंडा उन्हात सोनेरी धूर होऊन निघून जायचा. दिशा तिच्या शेजारी बसली, बराच वेळ नुसती ते बघत राहिली, आणि मग तिने असा प्रश्न विचारला जो साठ फॉर्मांत कुठेच नव्हता. फिल्म बघताना तुम्हाला काय वाटलं?

ठमाबाईचं सूप थांबलं. तिने आधी टाळलं, तुला वाईट वाटंल म्हणाली. मग सांगितलं. तो एवढा मोठा हिरवागार मळा बघून सगळ्या बायांचा जीव घाबरला होता. तो माणूस वाकतो आणि कापतो, वाकतो आणि कापतो, कोणाला विचारत नाही, कोणाचं नाव घेत नाही. आणि वरून तू सांगत होतीस, रोज खा, रोज खा. आम्ही घरी जाऊन बोललो, बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नसेल.

"तो माझा बाप," दिशा म्हणाली.

"ठाव हाय. तुझ्यावाणीच वाकतो." ठमाबाईने सूप खाली ठेवलं. "म्हणून औंदा नव्याला मी त्या मळ्याचं बी नाव घेतलं. आमच्या शेतांची नावं झाली, मग दिशाचा मळा म्हटलं. पानावर त्याची येगळी भाजी ठेवली. आता तुमी खा, काय व्हणार नाय."

आषाढातल्या त्या दिवशी, ती नाशकात बसून आकड्यांची वाट बघत होती तेव्हा, इथे कुणीतरी पानावर चिमूटभर भाजी ठेवून तिच्या बापाच्या मळ्यासाठी मागणं मागितलं होतं. फिल्म तिसांच्या तीस बायांना कळली होती. फक्त त्यांनी ती आजाऱ्याची बातमी ऐकावी तशी ऐकली होती. खळ्यातलं ऊन डोळ्यांत पसरलं आणि डोंगर, नागली, ठमाबाई, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हललं.

मखमलाबादला ती पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दिनेश बांधावर बसून उद्याच्या बाजारासाठी पालकाच्या जुड्या बांधत होते. दिशा समोर बसली आणि जुड्या बांधता बांधता तिने सगळं सांगितलं. फॉर्म, फिल्म, नवं, पानावरची भाजी. दिनेश मुलुखाचे थट्टेखोर, पण त्यांनी थट्टा केली नाही. हात मात्र चालू होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मळ्याचं नाव काय घेतलं? दिशाचा मळा. आणि बाईचं नाव काय? ठमाबाई.

पलीकडे मेथीचा नवा वाफा होता, कापायला आलेला. दिनेश उठले, वाफ्याच्या कडेला गेले आणि वाकायच्या आधी क्षणभर नुसते उभे राहिले. दिशाने त्यांना आयुष्यभर या वाफ्यांत वाकलेलं पाहिलं होतं, असं उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी एक जुडी कापली, देठांची माती झाडली, केळीच्या सोपटाने बांधली, आणि बाजाराच्या ढिगात न टाकता ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. उद्या बाजारात पालकच न्यायचा, मेथी राहू दे, असं ते म्हणाले.

"सकाळच्या गाडीने जा," त्यांनी सांगितलं. "त्या बाईला सांग, या वाफ्यातलं आम्ही अजून खाल्लं नाय."